सामन्याला दोनशे, शिबिराला चार: खेळातल्या निष्ठेचं समाजकार्य कसं होतं?

वरळीच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या एका तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. चाळीत असताना मंडळाचा कबड्डीचा सामना असला की खिडक्याखिडक्यांतून ओरडा व्हायचा. आजही सामना म्हटला की दोनेकशे माणसं जमतात. पण रक्तदान शिबिर किंवा साफसफाई ठेवली की तेच चार चेहरे दिसतात. खेळावरच्या या प्रेमाचं समाजकार्य करता येतं का, की या दोन गोष्टी वेगळ्याच, असं त्यांनी विचारलं आहे.

मी गिरणगावातल्या एका मंडळात आधी खेळलो, मग पंचगिरी केली आणि नंतर बरीच वर्षं कार्यवाह होतो. त्यामुळे उत्तर कबड्डीच्या अंगानेच येणार.

तुमची दोनशे माणसं आळशी नाहीत. त्यांना कुणी काम दिलेलं नाही, एवढंच. निष्ठेमुळे माणूस मैदानापर्यंत येतो. तिथून पुढे त्याला काय करायचं ते नाव घेऊन सांगावं लागतं. आपण काय करतो? बक्षीस समारंभात माइक हातात घेतो आणि "येत्या रविवारी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे" म्हणतो. हे आवाहन सगळ्यांना असतं, म्हणून ते कुणालाच नसतं. रविवारी सकाळी चार जण येतात आणि तरुण पिढी बिघडली असं म्हणत आपण चहा पितो.

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ आठवा. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून भारतीय संघ आला आणि मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक रुग्णवाहिका आली आणि लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून तिला वाट करून दिली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्याच रात्री त्याच रस्त्यावर चपलाबुटांचा आणि बाटल्यांचा खच पडला होता आणि तो पालिकेच्या सफाई कामगारांनी उचलला. माणसं तीच होती आणि संघावरचं प्रेमही तेच. रुग्णवाहिका समोर आली तेव्हा प्रत्येकाला आपलं काम लख्ख दिसलं: एक पाऊल मागे सरकायचं. कचऱ्याच्या बाबतीत कुणाचंच काम ठरलेलं नव्हतं. त्या गर्दीला कुणी नावं ठेवली की मला पटत नाही. कौतुकाचे पूल बांधणंही पटत नाही.

आता कबड्डीचा हिशोब बघा. मैदानात सात खेळाडू उतरतात आणि संघात साधारण बारा नावं असतात. चांगल्या मंडळात सरावाला तीस-चाळीस पोरं येतात. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं रोज घाम गाळतात आणि स्पर्धेच्या दिवशी बाहेर बसतात. मंडळाचं खरं मनुष्यबळ ही बाहेर बसलेली पोरं आहेत, आणि बहुतेक मंडळं त्यांना दोन-तीन वर्षांत गमावतात. पोरगा अठरा-एकोणीसचा होतो, आपली निवड होत नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो हळूहळू यायचा बंद होतो. त्याला गुणलेखक करा, घड्याळ सांभाळायला बसवा, प्रथमोपचाराची पेटी त्याच्या ताब्यात द्या. बाहेरगावाहून आलेल्या संघाच्या उतरण्याजेवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका. मंडळाचा टी-शर्ट बारा जणांनाच द्यायची पद्धत असेल तर ती आधी मोडा.

हे सोय म्हणून सांगत नाही. एक दिवसाची स्पर्धा नीट पार पाडणं हेच समाजकार्याचं शिक्षण असतं. मैदान आखायचं, मॅट अंथरायची, पोलीस ठाण्याची परवानगी काढायची, लाइटवाल्याशी घासाघीस करायची, पाण्याचे जार मोजून घ्यायचे, भांडण पेटायच्या आत दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना बाजूला घ्यायचं. ज्याला हे जमतं त्याला रक्तदान शिबिर जमतं आणि पूर आला तर मदतकेंद्रही जमतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरभर गल्लीगल्लीत अडकलेल्यांना चहा-बिस्किटं देणारे, दोर धरून पाण्यातून माणसं काढणारे हात कुठून आले असतील? त्यांत मंडळांची पोरं होती. त्यांना त्या दिवशी कुणी आवाहन केलं नव्हतं. कोण कुणाचं ऐकतो, टॉर्च कुणाकडे आहे, पोहायला कुणाला येतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

कबड्डीत सगळ्यात मोठा मान कुणाला मिळाला तेही लक्षात घ्या. शंकरराव साळवी, म्हणजे आपले बुवा, यांना कबड्डीमहर्षी म्हणतात ते त्यांच्या संघटनेच्या कामासाठी. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोचली त्यामागे अशा संघटकांची वर्षानुवर्षांची पायपीट होती. चढाई कोण करतं हे सगळ्यांना दिसतं, तिच्यासाठी मैदान कोण आखतं ते दिसत नाही. १५ जुलैला तुमच्या मंडळात एका खेळाडूबरोबर एका गुणलेखकाचाही सत्कार करून बघा. पुढच्या वर्षी गुणलेखक व्हायला पोरं पुढे येतील.

तुमच्याच भागातला थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण टॉवरमध्ये गेल्यावर तो लवकर विसरला जातो. गिरणगावातली मंडळं आणि व्यायामशाळा जगल्या त्या कामगारांच्या वर्गणीवर. गिरण्यांचे, रेल्वेचे, बेस्टचे, बँकांचे संघ असायचे आणि चांगल्या चढाईपटूला खेळाच्या जोरावर नोकरी लागायची. म्हणून आईबापही पोराला मैदानावर पाठवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि वर्गणी देणारे हातच रिकामे झाले. तरी मंडळं उभी राहिली, कारण तोवर ती नुसत्या खेळाची राहिली नव्हती. कुणाच्या घरी मयत झालं तर सामान आणायला कोण धावतं, दहावीच्या पोरांना अभ्यासाला जागा कुठे मिळते, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात कोण नेतं, या प्रश्नांची उत्तरं मंडळातच मिळायची. दादरचं अमरहिंद मंडळ बघा. खो-खो, कबड्डीही तिथे आणि वसंत व्याख्यानमालाही तिथेच. एका छताखाली दोन्ही असलं की मैदानावर न येणारे आजोबाही मंडळाला आपलं म्हणतात.

आता गाववाल्यांच्या स्पर्धा. यांच्याकडे मुंबईच्या वर्तमानपत्रांचं कधी नीट लक्ष गेलं नाही, म्हणून जरा थांबतो. हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या रविवारी मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही मैदानावर जा. टेनिस बॉलचे सामने चाललेले असतात आणि जर्सीच्या पाठीवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्या तरी वाडीचं नाव असतं. आयोजक असतं त्या गावाचं मुंबई मंडळ. खेळणाऱ्या पोराचा जन्म भांडुपचा किंवा नालासोपाऱ्याचा असतो आणि गावी तो गणपतीला नि शिमग्याला जातो तेवढंच. पण त्या जर्सीमुळे तो गावाच्या यादीत येतो. मग गावातून कुणी उपचारासाठी परळला केईएमला किंवा टाटाला आलं की फोन फिरतात. टाटा रुग्णालयाच्या आजूबाजूच्या फुटपाथवर राहणारी माणसं ज्याने पाहिली आहेत त्याला या फोनाची किंमत कळेल. राहायची सोय, डबा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त. या मंडळांच्या स्पर्धेच्या प्रवेश फीमधून गावच्या शाळेचं छप्पर होतं, देवळाचा सभामंडप होतो. अहवालात हे सगळं दोन ओळींत संपतं. मला मात्र खेळ आणि सेवा यांची सगळ्यात घट्ट गाठ इथेच दिसलेली आहे. शिबिराचा फलक न लावता ते काम होतं.

तुम्ही यातून एक गोष्ट उचला: रक्तगटाची यादी. स्पर्धेच्या नोंदणीच्या अर्जात खेळाडूचा रक्तगट लिहून घ्या आणि त्याच्याकडून विचारून घ्या की गरज पडली तर फोन करू का. शिबिरात सगळ्यांचं रक्त एकाच दिवशी घेतलं जातं, आणि प्लेटलेट्स तर पाच दिवसच टिकतात. कर्करोगाच्या किंवा डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट्स लागतात तेव्हा बऱ्याचदा यंत्रावर दीड-एक तास बसू शकणारा एकच ठणठणीत माणूस हवा असतो, तोही आज संध्याकाळी. तुमच्या चाळीस पोरांची यादी अशा वेळी उपयोगी पडते. शिवाय "तुझा गट बी पॉझिटिव्ह आहे, परळला जाशील का?" हा फोन एकाच माणसाला असतो, त्यामुळे तो टाळला जात नाही. जाऊन आलेला पोरगा नंतर शिबिरालाही येतो. उलट क्रमाने मी फारसं घडताना पाहिलं नाही.

मोठ्या मंडळांनी काय केलं याचं एक उदाहरण तुम्हाला आठवत असेलच. २०२० मध्ये करोनामुळे लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. १९३४ पासूनची परंपरा एका वर्षासाठी थांबवायला धैर्य लागतं आणि ते लोकांनी स्वीकारलं, कारण हाक देणारं नाव त्यांचं होतं. हेच आवाहन एखाद्या अनोळखी संस्थेने केलं असतं तर किती जण गेले असते?

दहीहंडीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याकडे पथक असणारच. खालच्या थरात उभे असणारे वजनदार, वयाने मोठे गडी फोटोत कधी येत नाहीत आणि तरी गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री सरावाला येतात. हा खेळ २०२२ मध्ये राज्य सरकारने साहसी खेळ म्हणून जाहीर केला. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला मनाई आहे. विमा, हेल्मेट, सुरक्षा दोर यांत मंडळाने कंजुषी केली तर बाकी कुठल्याही समाजकार्याच्या गप्पा मारू नयेत. आपल्याच पोराचा हात मोडला तर त्याच्या घरी दोन महिने रेशन कोण देणार, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

निष्ठेची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच मुंबईत एकेकाळी क्रिकेटचे संघ जातिधर्मावर होते. १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि पाचवा 'शेष', म्हणजे ख्रिश्चन, ज्यू वगैरे उरलेल्या लोकांचा. मैदानं ओसंडून वाहायची. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज, ज्याने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, त्याला हिंदू संघाचं कर्णधारपद दलित म्हणून मिळालं नाही. पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. म्हणजे एकाच निष्ठेने संघाच्या आतली एक भिंत थोडी खाली आणली आणि दोन संघांमधली भिंत मात्र वाढवली. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांना विरोध केला आणि १९४६ मध्ये ते बंद पडले. आपल्याकडे आजही काही ठिकाणी मंडळामंडळांतलं वैर पिढ्यांचं असतं. सामना हरल्यावर रात्री बाइक फोडण्यापर्यंत जातं. यावर एकच उपाय मी चालताना पाहिला आहे: वैऱ्याबरोबरच काम वाटून घ्यायचं. विसर्जनाच्या दिवशी समुद्राच्या वाटेवर हातात हात घालून साखळी धरायची असते तेव्हा तुमची पोरं आणि त्यांची पोरं एकाआड एक उभी करा. त्यांनी एकमेकांवर प्रेम करावं अशी अपेक्षा नको. रात्रभर साखळी धरलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशी बाइक फोडणं जरा जड जातं.

मोठ्या संघांच्या चाहत्यांबद्दलही तुम्ही विचाराल. २६ जुलै २०१४ ला तुमच्या घरापासून जवळच, वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना यू मुंबा आणि जयपूर यांच्यात झाला आणि जो खेळ आपण मातीत खेळलो तो दिव्यांच्या झगमगाटात दिसला. आनंदच झाला. पण टीव्हीसमोरची निष्ठा एकट्याची असते. तिला भेटायची जागा नसेल तर तिच्यातून काही उगवत नाही. मुंबई इंडियन्स दर हंगामात वानखेडेवरचा एक सामना स्वयंसेवी संस्थांच्या हजारो मुलांसाठी राखतात. एवढी मुलं बसमधून आणायची, खायला घालायची, मोजून परत न्यायची, यामागे स्वयंसेवकांची फौज असते. ते काम मला सामन्याइतकंच बघण्यासारखं वाटतं. आणि कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीतून उभं राहिलेलं ऑस्कर फाउंडेशन बघा. अशोक राठोड यांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉल दिला आणि अट घातली: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. खेळायच्या ओढीने पोरं शाळेत टिकतात आणि मोठी झाली की धाकट्यांना शिकवतात. ही अट तुम्ही उद्यापासून लावू शकता. सरावाला यायचं तर शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवायचं.

मुलींचं काय, हे तुमच्या प्रश्नात आलंच नाही. शिवशक्ती महिला संघासारख्या संघांनी मुंबईच्या महिला कबड्डीचं नाव वर्षानुवर्षं राखलं, तरी बहुतेक मंडळांत मुलींच्या सरावाला उरलेली वेळ मिळते. सरावाची वेळ रात्री दहा ठेवाल तर मुली येणार नाहीत. कपडे बदलायला जागा, स्वच्छ संडास, आणि घरी सोडायला दोन मोठ्या मुली किंवा एखादी आई ठरलेली असली तरच येतील. आणि त्या आल्या की त्यांच्या आया येतात. टॉवरमध्ये कुणाच्या घरी सासूबाई अंथरुणावर आहेत, कुणाचा नवरा कामावरून कमी झाला आहे, ही माहिती पुरुष कार्यकर्त्यांकडे नसते. ती आयांकडे असते. मदत योग्य दारापर्यंत पोचवायची तर तिथूनच सुरुवात करा.

पैशांबद्दल जास्त बोलत नाही. पावतीशिवाय एक रुपया घेऊ नका आणि स्पर्धेचा जमाखर्च आठ दिवसांत फलकावर लावा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढा. कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याचं नाव चषकावर चालेल, जर्सीवर नको. जर्सीवर आलं की मंडळातली निम्मी घरं मनातून बाहेर पडतात, फक्त सांगत नाहीत.

राहिला टॉवर. चाळीत माणसं एकमेकांना येताजाता दिसत, लिफ्टमध्ये दिसत नाहीत. त्यामुळे पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता ठरवून करावं लागेल. मजल्यानुसार संघ पाडा आणि पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या खालच्या मोकळ्या गच्चीवर, किंवा जांबोरी मैदानावर मजल्यामजल्यांचे सामने घ्या. प्रत्येक मजल्याचा एक कर्णधार असेल, आणि आजारी माणसाची खबर, रक्तगटाची यादी, वर्गणी ही त्याचीच जबाबदारी. सोसायटीची कमिटी सुरुवातीला आवाजाची तक्रार करेल. कमिटीतल्याच एखाद्या काकांना पंच करा.

पहिलं शिबिर मे महिन्यात घ्या. कॉलेजं बंद असतात, निम्मी मुंबई गावी गेलेली असते आणि रक्तपेढ्यांत तेव्हाच तुटवडा असतो. १५ ऑगस्ट नि २६ जानेवारीला शिबिरं पुष्कळ होतात. रक्तपेढीकडे तारीख मार्चमध्येच मागा. दात्याचं वय अठरा ते पासष्ट, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने जावे लागतात. हे कर्णधारांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणी हिरमुसून परत जात नाही. आणि शिबिराच्या दिवशीच संध्याकाळी अंतिम सामना ठेवायचा मोह आवरा. रक्त दिलेल्या खेळाडूने त्या दिवशी मैदानात उतरायचं नसतं. सामना शनिवारी रात्री संपवा, विजेत्या मजल्याला चषक देताना माइकवरून सकाळी नऊ वाजता कोण कोण येणार त्यांची नावं वाचा, आणि उपविजेत्यांचीही वाचा.